पोलिश विमानांवरची लाल-पांढरी चौकट: वरच्या कोपऱ्यात लाल की पांढरा?

सुट्टेभाग
नमस्कार मंडळी. १/७२ मापाचं पीझेडएल पी.११सी या पोलिश फायटरचं मॉडेल करायला घेतलंय, सप्टेंबर १९३९ चं. पोलंडचं हे माझं पहिलंच विमान. बांधून झालं, रंग अजून मारायचाय, पण डिकल शीट (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचा कागद) बघून डोकं फिरलंय म्हणून विचारतो.

पहिला प्रश्न, ती चार घरांची लाल-पांढरी चौकट. माझ्या शीटवर डावीकडे वरचं घर लाल आहे. नेटवर पोलंडच्या आत्ताच्या मिग-२९ चे फोटो बघितले तर तिथे डावीकडे वर पांढरं. मग शीट उलटी छापली का? की फोटो कोणीतरी फ्लिप केलेत? दुसरा, पंखांवरच्या चौकटी. सूचनांच्या चित्रात एका पंखावर ती टोकाजवळ दाखवलीय आणि दुसऱ्यावर बरीच आत. आधी मला ही सरळसरळ छापणाऱ्याची चूक वाटली, पण वरून आणि खालून दोन्ही चित्रांत तसंच आहे. आणि तिसरा म्हणजे जाता जाता, बॉक्सवरच्या पायलटच्या छातीवर साखळी लावलेला पक्षी आहे, तो काय प्रकार आहे? कुठे तो उडतोय कुठे सूर मारतोय, दोन्ही एकच का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. घाई नाही, पण प्रायमर सुकलाय.

शेपटीवरचा_नंबर
शीट बरोबर आहे भाऊ, बिनधास्त लाव.

चौकटीला पोलिशमध्ये शाहोव्नित्सा म्हणतात. १९१८ पासून १९९३ पर्यंत डावीकडे वर लाल. १९९३ मध्ये क्रम बदलला आणि पांढरं आधी आलं. कारण असं की चिन्हांच्या जुन्या शास्त्रात ढालीच्या मैदानापेक्षा त्यावरच्या चिन्हाचा मान मोठा, पोलंडचं चिन्ह म्हणजे लाल मैदानावर पांढरा गरुड, म्हणजे पांढऱ्याचा मान पहिला, म्हणून झेंड्यातही पांढरा पट्टा वर असतो. पण विमानांवर पंचाहत्तर वर्षं लाल आधी होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मला विचाराल तर तो बदल नसता केला तरी चाललं असतं, मॉडेलवाल्यांचं आयुष्य सोपं राहिलं असतं.

तर नियम सोपा. १९३९ चं विमान, ब्रिटनमधलं स्पिटफायर, साठच्या दशकातलं मिग-२१, सगळ्यांना लाल आधी. १९९३ नंतरचं काहीही असेल तर पांढरं आधी. जुन्या कृष्णधवल फोटोत गडद घर म्हणजे लाल असं धरून चालायचं.

आता खरी गंमत. हा दोन-बाय-दोनचा पट आहे, त्यामुळे अर्धा फेरा फिरवला तर काही फरक पडत नाही, पण पाव फेरा फिरवला की लाल-पांढऱ्याची अदलाबदल होते. फोटो आरशातल्यासारखा उलटवला तरी तेच. म्हणून नेटवर एखाद्या १९३९ च्या फोटोत पांढरं आधी दिसलं की लगेच "हा अपवाद" म्हणून उड्या मारायच्या नाहीत, आधी त्या फोटोतले आकडे बघायचे, आकडे उलटे असतील तर फोटोच उलटा. आणि डिकल पाण्यातून काढून पंखावर ठेवताना ती पाव फेरा फिरली तर गेलात कामातून, कारण चौकोनी तुकड्याला वर-खाली कळत नाही. सुटी करायच्या आधीच मागच्या कागदावर पेन्सिलीने "पुढे" लिहून ठेव.

वात्रट_विंग
आधी तेच वाटलं होतं की पोलिश लोक मूडप्रमाणे रंगवतात. माहितीबद्दल धन्यवाद, सहज वाचायला आलो होतो आणि शाळेतल्या मेन्सुरेशनची आठवण झाली.

खाकी_कपाट
पंखांवरच्या चौकटींचं मी सांगतो. तीही छपाईची चूक नाही. १९३९ च्या पोलिश फायटर विमानांच्या पंखांवर चौकटी मुद्दाम असमान अंतरावर रंगवलेल्या होत्या, एका बाजूला टोकाकडे, दुसऱ्या बाजूला आत. सांगतात ते कारण असं की नेम धरणारा शत्रूचा गनर दोन्ही चौकटींच्या मधोमध विमानाचा मध्य समजून चालतो, चौकटी सरकवल्या की त्याचा अंदाज चुकतो. प्रत्यक्षात किती जणांचा नेम चुकला देव जाणे. पण मॉडेलवर हा तपशील चुकला की जाणकार माणूस दाराशीच ओळखतो, त्यामुळे चित्र आहे तसंच कर, स्वतःच्या मनाने सममित करू नकोस.

बाकी रंगाचं: वरून पोलिश खाकी, खालून फिकट निळा. ही खाकी नेमकी कुठली यावर पोलंडमधले लोक वर्षानुवर्षं भांडतायत, तपकिरीकडे झुकणारी ऑलिव्ह इतकं धरून चल आणि कोणी हिरवी म्हणालं तर वाद घालू नको. क्राकूफच्या विमान संग्रहालयात जगातलं एकमेव उरलेलं पी.११सी आहे, नंबर ८.६३. जर्मनांनी ते पकडून बर्लिनच्या विमान संग्रहात नेलं होतं, बॉम्बहल्ले वाढल्यावर तिथलं सामान पूर्वेकडे हलवलं आणि युद्धानंतर ते पोलंडमध्येच सापडलं. पण ते नंतर दुरुस्त करून रंगवलेलं आहे, त्यामुळे त्याच्या फोटोवरून शेड जुळवायला जाऊ नका. त्याच्यावर पंख असलेला बाण दिसतो, ती १२१ व्या एस्काद्राची खूण, क्राकूफवाल्यांची. एस्काद्रा म्हणजे आपण स्क्वाड्रन म्हणतो त्याच्यापेक्षा थोडं लहान युनिट.

निशाणी
चौकट आली कुठून हेही सांगायला हवं, कारण इतकी जुनी खूण सहसा कमिटीतून येते, ही मात्र एका माणसाकडून आली.

स्टेफान स्टेत्स नावाचा पोलिश पायलट, आधी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हवाई दलात होता. त्याची वैयक्तिक खूण लाल-पांढरा चौकटपट. नोव्हेंबर १९१८ मध्ये पोलंड नुकताच पुन्हा उभा राहत होता, ल्वुफमध्ये (आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह) लढाई चालू होती, आणि १५ नोव्हेंबरला स्टेत्स फोकर ई.५ घेऊन ल्वुफहून वॉर्साला उतरला, विमानावर हीच खूण. ती वरिष्ठांना आवडली आणि १ डिसेंबर १९१८ पासून ती अधिकृत झाली, म्हणजे देश उभा राहून महिनाही झाला नव्हता. स्टेत्स १९२१ मध्ये विमान अपघातात गेला.

याच्यात मला आवडतं ते असं की इतर बरेच देश गोल वर्तुळं रंगवत होते, ब्रिटिश, फ्रेंच, इटालियन सगळेच, लांबून ही गोलांची गर्दी एकसारखी दिसते. पोलंडची चौकोनी खूण लगेच वेगळी कळते. आणि कम्युनिस्ट काळातही ती टिकली. १९४४ मध्ये सोव्हिएत बाजूने लढलेल्या पोलिश रेजिमेंटच्या याक-१ वर तांबडा तारा होता आणि नाकावर छोटी चौकट, पण युद्धानंतर तारा गेला, चौकट राहिली.

सुट्टेभाग
वा, दोन्ही उत्तरं क्लिअर. १९९३ चा तपशील कुठल्याही बॉक्सवर दिला नसतो राव. आता पक्षी राहिला. शिवाय शीटवर दोन-तीन एस्काद्रा चिन्हं आहेत, त्यात एक कोयत्यांचं आहे, लाल टोपीचं. ते १९३९ चं मानायचं की ब्रिटनमधलं?

शेपटीवरचा_नंबर
दोन्ही. तोच तर त्याचा जीव आहे.

ते कोश्च्युश्को स्क्वाड्रनचं चिन्ह. १९१९ मध्ये पोलंड बोल्शेविकांशी लढत होता तेव्हा काही अमेरिकन पायलट स्वेच्छेने आले, सेड्रिक फॉन्टलरॉय, मेरियन कूपर (हाच पुढे हॉलिवूडमध्ये सिनेमे काढायला लागला) वगैरे. त्यांच्या ७ व्या एस्काद्रासाठी इलियट चेस या अमेरिकनानेच चिन्ह काढलं. अमेरिकन झेंड्याचे तारे आणि पट्टे, त्यावर फुली मारलेले सरळ पात्यांचे कोयते आणि शेतकऱ्याची लाल चौकोनी टोपी, तिच्यावर मोराचं पीस. १७९४ च्या उठावात कोश्च्युश्कोबरोबर शेतकरी कोयते सरळ करून लढले होते, आणि हाच कोश्च्युश्को त्याआधी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातही लढला. म्हणजे एका बिल्ल्यात दोन देशांचं सगळं आलं.

पुढे हेच चिन्ह वॉर्साच्या १११ व्या एस्काद्राकडे गेलं, सप्टेंबर १९३९ मध्ये तिची पी.११ लढली. ते पायलट रुमानिया, फ्रान्स असे करत ब्रिटनला पोचले आणि ऑगस्ट १९४० मध्ये नॉर्थोल्टला ३०३ व्या स्क्वाड्रनने तेच चिन्ह उचललं. ३०३ ची हरिकेन ऑगस्टच्या शेवटी लढाईत उतरली आणि ब्रिटनच्या लढाईत तिने १२६ विमानं पाडल्याचा दावा केला, हरिकेन स्क्वाड्रनांत सर्वाधिक. दावे सगळ्यांचेच फुगलेले असतात, नंतरच्या शोधात आकडा खाली आला, पण ३०३ चं नाव वाजायचं ते वाजलंच. आत्ता मिन्स्क माझोव्येत्स्कीचं स्क्वाड्रन तोच वारसा चालवतं. तिथल्या मिग-२९ च्या शेपट्यांवर जुन्या कोश्च्युश्को पायलटांचे चेहरे रंगवले होते, बघ कधी, मॉडेलसाठी जबरदस्त पण डिकल लावायचं धैर्य पाहिजे.

खाकी_कपाट
आणि तुझं पी.११ लढाईतलं करणार असशील तर एक गोष्ट बघ: ज्या विमानाचं करतोयस त्याच विमानाचा फोटो शोध. मोबिलायझेशनच्या वेळी काही ठिकाणी एस्काद्रा चिन्हं रंगाने झाकली गेली, काही ठिकाणी राहिली. शीटवर चिन्ह आहे म्हणून ते लावलंच पाहिजे असं नाही.

ढगफुटी
मी फक्त ब्रिटनमधलीच करते त्यामुळे त्याबाजूने भर. पोलिश स्क्वाड्रन ३०० ते ३०९ आणि ३१५ ते ३१८, शिवाय तोफखान्यासाठी निरीक्षण करणारं ६६३. विमानावर मुख्य खूण ब्रिटिशांचीच गोल, पोलिश चौकट फक्त छोटी, बहुधा इंजिनाच्या आवरणावर. दोन अक्षरांचा कोड आणि पुढे एक अक्षर विमानाचं. ३०३ चा आरएफ, ३०८ चा झेडएफ, ३१५ चा पीके, ३१६ चा एसझेड, ३१७ चा जेएच. ३०० चं बॉम्बर असेल तर बीएच.

यात सर्वात मजेशीर विमान यान झुम्बाखचं. ३०३ चा पायलट, त्याच्या स्पिटफायर आरएफ-डी वर डोनाल्ड डक. वॉर पेंट स्कीममध्ये बदक शोधत बसायचं म्हणजे कमाल आहे, पण मुलं सगळ्यात आधी त्याच्याचकडे बोट दाखवतात. आणि १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत स्तानिस्वाव स्काल्स्कीच्या हाताखाली निवडक पोलिश पायलटांची तुकडी गेली, "स्काल्स्कीची सर्कस" म्हणून ओळखली जाते. त्यांची स्पिटफायर-९ विमानं ब्रिटिश १४५ स्क्वाड्रनबरोबर होती म्हणून कोड झेडएक्स, आणि पुढे अक्षराऐवजी आकडा. तिथे लोक हमखास गडबड करतात, अक्षर शोधत बसतात.

चिन्हांमध्ये ३०७ चं घुबड मला सगळ्यात आवडतं. ल्वुफचं नाव लावलेलं रात्रीचं फायटर स्क्वाड्रन, आधी डिफायंट मग बोफायटर मग मॉस्किटो, आणि रात्री उडणाऱ्यांना घुबड. १९४२ मध्ये एक्सेटर शहराला त्यांनी पोलिश झेंडा भेट दिला, जर्मन बॉम्बहल्ल्यात या लोकांनीच शहराचं रक्षण केलं होतं. ३०८ वर पुन्हा पंख असलेला बाण, म्हणजे वर खाकी भाऊंनी सांगितलेला १२१ वाला क्राकूफचा. १९३९ मध्ये विमानं गेली, माणसं विखुरली, पण युनिटच्या खुणा बरोबर ब्रिटनला पोचल्या.

निशाणी
आता पक्षी. दोन वेगळे आहेत, घोटाळा होणारच.

एक गापा, पायलटचा बिल्ला. चांदीचा गरुड उडताना, चोचीत पानांचं तोरण, आणि साखळी. डिझाइन शिल्पकार व्वादिस्वाव ग्रुबेर्स्की, १९१९. छातीवर डाव्या बाजूला. लढाईतल्या पायलटला मिळणाऱ्या प्रकारात तोरण हिरव्या इनॅमलचं. तुझ्या बॉक्सवर साखळी आहे म्हणजे हाच.

दुसरा छत्रीधाऱ्यांचा, चांदीचा गरुड सरळ खाली सूर मारतोय. काढणारा मारियान वालेंतिनोविच, चित्रकार. लढाईत उडी मारलेल्यांच्या गरुडाच्या पंजात सोनेरी तोरण, आणि मागच्या बाजूला "मातृभूमी, तुझ्यासाठी" अशा अर्थाचे शब्द. जनरल सोसाबोव्स्कीच्या ब्रिगेडने आणि पोलंडमध्ये गुपचूप उतरवलेल्या चिखोच्येम्नी लोकांनी हा वापरला. आजच्या ग्रोम या पोलिश कमांडो दलानेही वारसा तिथूनच घेतलाय. लक्षात ठेवायला सोपं: तोरण चोचीत तर पायलट, पंजात तर छत्रीवाला.

कोणी विकत घेणार असेल तर सांगतो, बाजारात कॉपी खूप आहेत. जुन्या गापाला मागे नंबर असतो, पण नंबर आहे म्हणून खरा असं मुळीच नाही.

वात्रट_विंग
टोपीवर पण गरुडच ना? मुकुट आहे नाही आहे वगैरे काहीतरी वाद वाचल्यासारखं वाटतंय.

निशाणी
हो, तो सेनेचा टोपीवरचा गरुड. अर्धचंद्रासारख्या ढालीवर बसलेला, मुकुटासह, १९१९ चा नमुना, ढालीची कल्पना नेपोलियनच्या काळातल्या वॉर्सा डचीच्या सैन्यावरून. १९४३ मध्ये सोव्हिएत प्रदेशात जी पोलिश डिव्हिजन उभी राहिली तिच्या टोपीवर बिनमुकुटाचा, ढालीशिवायचा गरुड आला, डिझाइन यानिना ब्रोन्येव्स्का. पश्चिमेकडे लढणाऱ्यांच्या डोळ्यांत तो गरुडच नव्हता, त्याला कोंबडी म्हणून हिणवायचे. युद्धानंतरही मुकुट नव्हता, १९८९ च्या डिसेंबरात कायदा बदलला तेव्हा तो राष्ट्रीय चिन्हावर परत आला आणि मग टोपीवरही. म्हणून मॉडेलची आकृती रंगवताना काळ बघा, १९७० च्या सैनिकाला मुकुट लावलात तर गेलात.

हवाई दलाच्या गरुडाभोवती हुसारियाचे पंख असतात, नौदलाच्या ढालीवर नांगर. हुसारिया म्हणजे जुने पंखवाले घोडेस्वार, पोलिश सैन्याला ते कधीच पुरत नाहीत, जिथे जागा दिसेल तिथे पंख.

खाकी_कपाट
त्यावरून आठवलं, जनरल माचेकच्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनचा खांद्यावरचा बिल्ला तोच, केशरी वर्तुळात काळं हुसारियाचं शिरस्त्राण आणि पंख. त्यांच्या १० व्या आर्मर्ड कॅव्हलरी ब्रिगेडच्या लोकांच्या डाव्या खांद्याची पट्टी काळी. १९३९ च्या त्यांच्या मोटराइज्ड ब्रिगेडला काळी ब्रिगेड म्हणायचे, लेदरचे काळे कोट होते म्हणून. त्याची आठवण ती काळी पट्टी. बाकीच्या गणवेशाला खाकीच पट्टी, एकच बाजू काळी, त्यामुळे फोटो उलटला असेल तर तेही त्यावरून कळतं, वर शेपटीवरच्या नंबरांनी चौकटीचं सांगितलं तसं. याच लोकांनी १९४४ मध्ये हॉलंडचं ब्रेडा मुक्त केलं.

इटलीतल्या दुसऱ्या कोअरचं वॉर्साची जलपरी, ढाल-तलवारीसह. ३ ऱ्या कार्पेथियन डिव्हिजनचं हिरवं झाड पांढऱ्या-लालवर, ५ व्या क्रेसोवाचं पिवळ्यावर तपकिरी रानगवा, पोलिश झुबर. आणि २२ व्या तोफखाना पुरवठा कंपनीचं अस्वल, हातात तोफगोळा. ते खरं होतं, नाव व्होइतेक, मोंते कॅसिनोला १९४४ मध्ये कंपनीबरोबर होतं आणि त्याच्यामुळेच ते कंपनीचं चिन्ह झालं. १९६३ पर्यंत एडिनबरोच्या प्राणिसंग्रहालयात होतं.

ढगफुटी
हुद्द्यांबद्दल एक ओळ टाकते कारण आकृत्या करणारे विचारतात. खांद्यावरच्या ताऱ्यांचा हिशेब युद्धाआधी वेगळा: पोडपोरुचनिकला (सेकंड लेफ्टनंट) एक, पोरुचनिकला (लेफ्टनंट) दोन, कॅप्टनला तीन. नंतरच्या काळात एकेक वाढला, आता कॅप्टनला चार. त्यामुळे तीन तारे दिसले की लगेच पोरुचनिक समजू नका, गणवेश कधीचा ते बघा. जनरलला मात्र वेगळी ओळख, टोपीच्या पट्टीवर आणि खांद्यावर नागमोडी चांदीची लेस. ती कधी चुकायची नाही.

सुट्टेभाग
अरे बापरे, मला वाटलं होतं एका ओळीत उत्तर येईल. भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार.

ठरलं असं: चौकट लाल आधी, पंखांवर असमान, चित्राप्रमाणे. चिन्ह १२१ वाला बाण टाकतोय, कोयते पुढच्या हरिकेनसाठी राखून ठेवतो. खाकी तपकिरीकडे. पेन्सिलची टिप वापरली, पंखाच्या डिकल मागे "पुढे" लिहून ठेवलंय.

एकच राहिलं, चौकटींना वेगळी कडा आहे, लाल घराला पांढरी आणि पांढऱ्याला लाल. शीटवर ती फारच बारीक आलीय, ती तशीच ठेवायची की हाताने जाड करायची?

शेपटीवरचा_नंबर
हात लावू नकोस. १/७२ ला ती बारीकच दिसली पाहिजे, हाताने जाड केलीस की चौकट कॅरमच्या पटासारखी दिसेल. सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रव) जपून टाक, लालवरची पांढरी कडा आधी सुरकुतते. पंखाच्या वरच्या बाजूला ठेवताना लाल घर डावीकडे पुढच्या कडेला येतंय ना तेवढं शेवटचं तपास आणि मग वार्निश मार.